मोकळ्या वेळेचा रकाना

"बा चान्सा, आता तुम्ही," सिकाझ्वे साहेब म्हणाले. "गेल्या आठवड्यात स्वतःमध्ये काय वाढवलंत?"

बा चान्सा उठले आणि उठता उठता त्यांनी कोटाचं बटण लावलं. तेवीस वर्षं क्लेमच्या काउंटरवर बसलेला, सगळ्यांचा आदराचा 'बा' असलेला हा माणूस बटण लावल्याशिवाय तोंड उघडत नसे, मग समोर विधवा असो की चेअरमन.

"भोपळा लावलाय साहेब. अंगणात. पाल्याची भाजी होईल म्हणून. मागचा वेल किडीनं खाल्ला."

खुर्च्यांच्या गोलातून खसखस पिकली. साहेबही हसले.

"स्वतःमध्ये म्हणालो मी, बा चान्सा. अंगणात नव्हे."

"हो साहेब. पण ती भाजी शेवटी माझ्यातच जायची ना!"

आता सगळा हॉल हसला. साहेब हसत हसतच मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहीत होते. काउंटरवर बा चान्सांच्या शेजारी बसणाऱ्या नामुकोलोला ते दिसलं. तिला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस तिला राग आला तो याचाच.

लुसाकातल्या त्या विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर दर शनिवारी साडेसातला एकतीस माणसं अशी गोल करून बसत. कंपनी लोकांच्या अंत्यविधीचा विमा उतरवत असे. शवपेटी, गाडी, शोकाला आलेल्यांचं मक्याचं पीठ, सगळं त्यात येई. धंदा मरणाचा, पण शनिवारच्या या बैठकीचं नाव होतं 'वाढीचा तास'. नावाचा 'तास' चांगला दोन तास चाले. त्याची हजेरी लागे, पगार लागत नसे. सिकाझ्वे साहेब दक्षिणेकडच्या देशात शिकून आलेले, चाळिशीच्या आतले, कधी आवाज न चढवणारे. प्रत्येकानं मोकळ्या वेळात स्वतःला घडवावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. असं मनापासून वाटण्याऐवजी तो माणूस साधा लबाड असता तर बरं झालं असतं, असं नामुकोलोला नंतर अनेकदा वाटलं.

"नामुकोलो!" साहेबांचा चेहरा खुलला. तिची पाळी आली की तो खुलायचाच.

ती उभी राहिली. "साहेब, सवयींवरच्या पुस्तकाचं सातवं प्रकरण वाचलं. लेखक म्हणतो, पहाटेचा पहिला तास तुम्ही कुणाला देता त्यावर तुमचं आयुष्य ठरतं. तेव्हापासून मी पहिला तास स्वतःला देते."

टाळ्या पडल्या. साहेबांनी दोनदा मान हलवली.

सातवं प्रकरण असं काही नव्हतं. पुस्तकसुद्धा नव्हतं. तिच्या चावामा वस्तीहून येणाऱ्या मिनीबसमध्ये, एका बाईच्या कोंबडीची टोपली मांडीवर सांभाळत, तिनं ते प्रकरण तीन स्टॉपांत रचलं होतं. तिचा पहाटेचा पहिला तास नळाला जाई. पाणी साडेचारला यायचं आणि सहाला जायचं. दुसरा तास कोळशाच्या शेगडीला, कारण विजेचा भरवसा नव्हता. बहिणीच्या चार मुलांना चहा आणि कालचं उरलेलं मक्याच्या पिठाचं न्शिमा द्यायचं, धाकटीची वेणी घालायची, स्वतःचा ब्लाउज निखाऱ्याच्या इस्त्रीनं फिरवायचा. घरी ताटात वाढायचं आणि ऑफिसात आतल्या आत वाढायचं, एकाच बाईनं एका दिवसात किती वाढायचं? पण हे गोलात उभं राहून कसं सांगणार? टाळ्या सातव्या प्रकरणाला पडतात, नळाला नाही.

आणि खरी गोष्ट ही, की स्वतःला म्हणून तिच्याकडे आठवड्यातून फक्त दोन तास होते, नेमके शनिवार सकाळचे. चावामाच्या बाजारामागे लाल मातीचं एक मैदान होतं. तिथे ऊन चढायच्या आत वस्तीतल्या बायका नेटबॉल खेळायच्या. नामुकोलो बचावाला असे. उंच, लांब हातांची. समोरचीचा चेंडू हवेतल्या हवेत टिपायची. त्यातून काही मिळत नसे. बक्षीस नाही, ढाल नाही, कुणी नाव घेत नाही. घामाघूम होऊन, धुळीनं माखून, एकमेकींना शिव्या देत आणि हसत त्या घरी जात. कशासाठीही नसलेली तेवढी एकच गोष्ट तिच्या आयुष्यात होती. वाढीच्या तासानं ती नेमकी गिळली. आठ महिने झाले होते.

तास संपला. दहाला काउंटर उघडायचं होतं. बाकीचे खाली चहाला गेले. बा चान्सांना मात्र साहेबांनी थांबवलं. "पाच मिनिटं, बा चान्सा. आत येता?"

पाच मिनिटांची वीस झाली. नामुकोलो खाली येऊन काउंटरवर बसली. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी आधीच येऊन बसलेली होती. अंगावर काळं, डोक्याला चिटेंगेचं छापील कापड गुंडाळलेलं, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी.

बा चान्सा जिन्यावरून उतरले. नेहमीसारखेच, एकेक पायरी. हातात लांब पाकीट होतं. ते आपल्या खुर्चीवर बसले, आतला कागद काढला, वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि तिच्याकडे सरकवला.

"वाच गं पोरी. तुझे डोळे तरुण आहेत. मी वाचलं तेच लिहिलंय का, सांग."

तिनं वाचलं. बा चान्सांची सेवा आजपासून समाप्त. दुपारी एकला किल्ल्या सोपवाव्यात. खाली कारणांचा तक्ता होता. बदल स्वीकारण्याची तयारी : कमी. वाचन : नाही. आणि शेवटचा रकाना, मोकळ्या वेळेचा विनियोग : असमाधानकारक. त्याच्यापुढे अवतरणचिन्हांत लिहिलं होतं, 'रविवारी आंब्याखाली न्सोलो खेळतात. हरले की झोपतात, जिंकले तरी झोपतात.'

नामुकोलोच्या कानांत एकदम गरम झालं. वाक्य तिचं होतं. स्वल्पविरामासकट.

तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी तिला बोलावून एक छापील तक्ता दिला होता. "तुझं निरीक्षण चांगलं आहे. तुमच्या पाच जणांबद्दल दोन-दोन ओळी लिही. कोण मोकळा वेळ कसा घालवतो. नुसतं मला माणसं समजावीत म्हणून." ती हुरळून गेली होती. निरीक्षण चांगलं आहे, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिनं चहाचा कप बाजूला ठेवून, मजेत, एकेकाचं चित्र काढावं तसं लिहिलं. बा चान्सांचं वाक्य जमलं तेव्हा एकटीच हसली होती. प्रेमानं लिहिलं होतं तिनं ते. आता प्रेमानं लिहिलं म्हणून काय! सुरी प्रेमानं धरली म्हणून कापायची थांबत नाही.

"काय?" बा चान्सा म्हणाले. "तेच लिहिलंय ना?"

"बा..."

"आंब्याखाली जमिनीत खड्डे करतो आम्ही आणि खडे फिरवतो. मी, शेजारचा सुतार, आणखी दोघं. हरले की झोपतात, जिंकले तरी झोपतात. वाक्य चांगलं आहे. माझंच आहे ते." त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "पोस्टामागच्या बाकावर शेंगा खाताना मी एका माणसाला सांगितलं होतं. एकालाच. ती इतकी हसली होती की पाणी नाकात गेलं होतं तिच्या."

नामुकोलोनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात घड्याळात दहा झाले, आणि बा चान्सांनी बाकाकडे हात केला. "या आई, बसा."

म्हातारी आली. तिनं पिशवी काउंटरवर ओतली. मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, विम्याच्या पावत्या, एक जुना फोटो, सगळं एकात एक. बा चान्सांनी कागदांना हातही लावला नाही. कोटाचं बटण लावलं, थोडे पुढे झुकले, आणि विचारलं, "कुठून आलात?"

"नामवालाकडनं, लेकरा."

"पूर ओसरला का तिकडचा?" आता ते तिच्याच बोलीत बोलत होते. "गुरं उतरली चरायला?"

"उतरली की. पर हाकणारा ग्येला."

"नाव काय त्यांचं?"

म्हातारीनं नाव सांगितलं. बा चान्सांनी ते नाव एकदा उच्चारलं, हळू, नीट. मग गप्प बसले. काउंटरवरचं हे गप्प बसणं नामुकोलोनं दोन वर्षं पाहिलं होतं. ते मोजून अर्ध्या मिनिटाचं असे, आणि त्या अर्ध्या मिनिटात समोरचा माणूस कंपनीच्या खुर्चीवरून उठून जणू आपल्या घराच्या ओट्यावर बसे. म्हातारी रडली. मग चिटेंग्याच्या टोकानं नाक पुसून स्वतःच म्हणाली, "दाखला कोनचा लागतोय बघ बाबा, मला काय कळंना." तेव्हा कुठे त्यांनी कागद हातात घेतले.

बा चान्सांना सात बोली येत. एकही त्यांनी पुस्तकातून शिकलेली नव्हती. एक खाणीवरच्या शेजाऱ्यांकडून आली, एक सासुरवाडीहून, बाकीच्या याच काउंटरवर रडणाऱ्या माणसांकडून. 'वाचन : नाही'. नामुकोलोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग नेमकी कुणावर, ते तिला ठरवता येईना. साहेबांवर म्हणावं, तर शब्द तिचे होते.

एक वाजता बा चान्सांनी खण रिकामा केला. काढण्यासारखं फारसं नव्हतंच. चष्म्याची डबी, रुमाल, खोकल्याच्या गोळ्या. किल्ल्या त्यांनी तिच्यापुढे ठेवल्या.

"शिक्क्याची शाई संपत आलीय. सोमवारी भर." एवढंच बोलून ते गेले.

ती सरळ वर गेली. साहेब बॅग भरत होते. त्यांनी बॅग बाजूला केली आणि खुर्ची दाखवली.

"बस. तू येशील असं वाटलंच होतं मला."

"ते वाक्य मी गमतीनं लिहिलं होतं, साहेब."

"पण खरं होतं ना?"

"खरं होतं."

"मग?"

"रविवार त्यांचा आहे, साहेब."

"अर्थात! आपण कुणाचा रविवार घेत नाही. माणूस त्याचं काय करतो, ते फक्त बघतो."

"तेवीस वर्षं त्यांनी लोकांची रडणी ऐकली. आठवडाभर ऐकायची आणि रविवारी झोपायचं नाही?"

"हे बघ, मला त्यांच्याबद्दल आदर आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "पण कंपनी पुढे चालली आहे आणि काही माणसं जागच्या जागी आहेत. तू तशी नाहीस. खरं सांगायचं तर त्यांची जागा तुला द्यावी असं मी वर कळवलंय. काउंटरची प्रमुख. सत्ताविसाव्या वर्षी!"

हे ऐकून तिला आनंद झाला. अगदी पापणी लवेपर्यंत, पण झाला. चार मुलं, एक बहीण, गळकं छप्पर, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि आत काहीतरी टुणकन उडालं. त्या उडण्याचा तिला इतका संताप आला की ती उभीच राहिली.

"मी एकही पुस्तक वाचलेलं नाही," ती म्हणाली. आवाज चढला होता. "आठ महिन्यांत एक पान नाही. सातवं प्रकरण मी बसमध्ये रचलं. त्याच्या आधीची सगळीच रचलेली. पहाटे मी पाणी भरते. रात्री मी जेवते आणि ओंडक्यासारखी पडते. मला स्वतःत काही वाढवायचं नाही, साहेब! मला शनिवारी नेटबॉल खेळायचाय. त्यातून काही होत नाही. मी सुधारत नाही. मला चांगलं वाटतं, बस्स! आणि तुम्ही माझ्या थापांना टाळ्या वाजवल्यात आणि त्यांच्या भोपळ्याला घरी पाठवलंत."

साहेब रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक उजेड पसरत गेला.

"नामुकोलो," ते म्हणाले, "हा जो प्रामाणिकपणा आहे ना, हीच वाढ. पुढच्या शनिवारी हेच सांग सगळ्यांना. 'मी खोटं बोलत होते, आणि मग मी बदलले.' लोकांवर फार परिणाम होईल याचा."

"मी बदललेले नाही."

"बदलशील. आज तू रागात आहेस. राग ही ताकद असते. ती..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. ज्या माणसाला शिवी दिली तर ती फुलासारखी हुंगून वहीत ठेवतो, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

खाली काउंटर बंद होत होतं. दोन वर्षांच्या कारकुनीत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. बोललेलं वाऱ्यावर जातं, शिक्का मारलेलं फाइलीत राहतं. तिनं दोन कोरे कागद घेतले, मध्ये कार्बन घातला, आणि उभ्या उभ्या लिहिलं. बा चान्सांबद्दलचे अमुक वाक्य मी थट्टेत लिहिले. ते त्यांचेच बोलणे होते. त्याचा त्यांच्या कामाशी संबंध नाही. त्यांच्याइतके काम या काउंटरवर कुणालाही येत नाही, मलाही नाही. वाढीच्या तासात मी वाचल्याचे सांगितलेले प्रत्येक पुस्तक खोटे आहे. मला दिलेली गुणांकने रद्द करावीत आणि त्यांचे पत्र मागे घ्यावे. खाली सही केली. आवकच्या वहीत क्रमांक टाकला आणि 'मिळाले'चा शिक्का उचलला. शाई खरंच संपत आली होती. एकदा मारला तो पुसट उठला. दात ओठ खाऊन दुसऱ्यांदा मारला तेव्हा टेबल हललं.

घरी तिची मोठी बहीण इनोंगे बाजारातून आली होती आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडत बसली होती. नामुकोलोनं सगळं सांगितलं. इनोंगेचे हात थांबले.

"प्रमुख करत होते तुला? आणि तू त्यांना लिहून दिलंस की मी खोटारडी आहे?"

"ताई, त्यांची नोकरी माझ्या वाक्यानं गेली."

"गेली ना? मग तुझी घालवून ती परत येणार आहे का? सहा तोंडं आहेत या घरात. तुझं मन स्वच्छ झालं म्हणून आम्ही काय मन खायचं?"

"तू तिथे असतीस तर..."

"मी तिथे असते तर तो तक्ता लिहिलाच नसता," इनोंगे म्हणाली. "बाजारात आम्ही एकमेकींना तोंडावर काय वाटेल ते बोलतो, पण कागदावर कुणाचं नाव लिहून देत नाही. शिकलेल्या तुम्हीच."

नामुकोलो बादली उचलून बाहेर गेली. नळाला पाणी नव्हतं हे तिला ठाऊक होतं. तरी ती तिथे बराच वेळ उभी राहिली.

सोमवारी काही झालं नाही. बुधवारी तिला तळमजल्याखालच्या फाइलींच्या खोलीत हलवलं. कागदावर 'कामाची फेरवाटणी' असं होतं. तिच्या पत्राला उत्तर आलं नाही. एकदा फाइल शोधायच्या मिषानं तिनं आवकची वही पाहिली. तिच्या क्रमांकापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नोंद घेतली.' काउंटरवर एक नवी पदवीधर मुलगी आली होती. चुणचुणीत, स्वच्छ. माणूस समोर बसायच्या आत ती "दाखला?" म्हणून हात पुढे करी. वेळ वाचत होता. वर तक्त्यात त्याचा आलेख चढत असणार.

आणि शनिवारच्या गोलातून तिची खुर्ची काढून टाकली होती. शिक्षा म्हणे! ज्या दोन तासांसाठी ती आठ महिने आतल्या आत तडफडली, ते दोन तास तिला असे परत मिळाले.

शनिवारी ती मैदानावर गेली. बायकांनी आरडाओरडा करून तिला मिठ्या मारल्या. "आली गं आली, साहेबीणबाई आली! वाचून वाचून हात आखडले का गं?" ती हसली. खेळ सुरू झाला. पण अंगात ते जुनं हलकेपण येईना. चेंडू दिसायच्या ऐवजी तिला सारखा साहेबांचा तो उजळलेला चेहरा दिसत होता. चौथ्या डावात समोरची पोरगी, न्शिमा विकणाऱ्या बाईची सून, चेंडूसाठी उडाली, तेव्हा नामुकोलोनं तिला खांद्यानं असा धक्का दिला की ती गुडघ्यावर पडून फरपटली. मातीत रक्ताची रेघ उठली.

खेळ थांबला. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"अगं, काय झालंय काय तुला?" ती पोरगी गुडघा धरून म्हणाली. "खेळ आहे हा!"

नामुकोलोनं तिला उठवलं, माफी मागितली, जखम पाण्यानं धुतली. मग उरलेला डाव न खेळता घरी आली. कशासाठीही नसलेली ती एक गोष्टसुद्धा आता कशासाठी तरी झाली होती.

रविवारी ती बा चान्सांच्या वस्तीत, काब्वाटाला गेली. पत्राची कार्बनप्रत तिनं वहीत घालून घेतली होती. बा चान्सांचं घर विचारावं लागलं नाही. अंगण झाडलेलं होतं आणि कुंपणाशी दोन खुर्च्या होत्या. दारात ती गुडघ्यावर बसली, तिच्या लोझी जमातीतली माणसं वडीलधाऱ्यांपुढे बसतात तशी, आणि हळू टाळी वाजवून नमस्कार केला.

"या," बा चान्सा म्हणाले. "बसा तुम्ही."

ते 'तुम्ही' ऐकून तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं. दोन वर्षं ती 'पोरी' होती.

त्यांच्या बायकोनं मुंकोयो या मक्याच्या गोड पेयाचा पेला आणून दिला, दोन शब्द बोलली आणि आत गेली. घरात टाय नव्हता त्यांच्या गळ्यात, पण सदरा इस्त्रीचा होता. नामुकोलोनं प्रत पुढे केली. त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काउंटरवर कागद वाचत तसं. मग खिशातलं पेन काढलं.

"तारीख चुकलीय. सतरा लिहिलंत. शनिवारी अठरा होती." त्यांनी आकडा दुरुस्त केला आणि शेजारी बारीक सही केली. "मूळ प्रतीतही करून घ्या. नाहीतर उद्या म्हणतील, पत्र आधीच लिहून ठेवलं होतं."

"बा, त्यांनी नुसती नोंद घेतली."

"घेणारच. नोंद घ्यायला काय जातं?"

"मी चुकले," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, ते हसतील. तुम्ही हसवता तसं. मला वाटलं नव्हतं की..."

"तुम्हाला काय वाटलं होतं, ते मला माहीत आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. ते कागदाची घडी घालत होते. "साहेबाचा राग नाही मला. त्यानं मला कधी पाहिलंच नाही. तो तक्ता बघतो. पण तुम्ही माझ्या शेजारी बसत होता. माझ्या डब्यातलं खात होता. मी एकदाच, दमून, हसून काहीतरी बोललो, आणि ते तुम्ही उचलून रकान्यात भरलंत. आता मी रविवारी आंब्याखाली बसतो ना, तेव्हा माझं मलाच दिसतं, मी झोपतोय. आधी मी नुसता झोपायचो."

कोपऱ्यावरच्या चर्चमधून ढोलाचा आवाज येत होता. नामुकोलोनं पेला संपवला, कारण अर्धा ठेवला असता तर अपमान झाला असता. मग ती उठली.

"येते मी, बा."

त्यांनी आत जाऊन कोट घातला. पाहुण्याला एकटं रस्त्याला लावायची त्या घरात रीत नव्हती. दोघं गल्लीतून चालू लागले. ते अर्धं पाऊल पुढे, ती मागे. वाटेत कुणी कुणी त्यांना रामराम करावा तसं थांबून विचारत होतं, आणि ते प्रत्येकाला उत्तर देत होते. तिची ओळखही करून देत होते. "ऑफिसातल्या आहेत." शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या पदरात घेतल्या असत्या.

मोठ्या रस्त्याला मिनीबस भरत होती. कंडक्टर चावामा, चावामा म्हणून ओरडत होता. रस्त्याकडेच्या धुळीत, चार माणसं बघत असताना, नामुकोलोनं पुन्हा गुडघा टेकला आणि दोन्ही हात जुळवून हळू टाळी वाजवली. याला उत्तर तशाच टाळीनं द्यायचं असतं.

बा चान्सा तिचं होईपर्यंत थांबले. "सावकाश जा," ते म्हणाले. हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

बस निघाली. मागच्या काचेतून तिनं पाहिलं. कोटाचं बटण लावून ते रस्त्याकडेला ताठ उभे होते. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत हलायचं नसतं, म्हणून ते हलले नाहीत. बस वळेपर्यंत तिला ते दिसत होते, आणि पाठीमागचे त्यांचे हात शेवटपर्यंत पुढे आले नाहीत.